आधी दावा नंबर शोधा: जुन्या कोर्टकागदांतून घराण्याचा माग

आमच्या घरात धाकट्या चुलत पणजोबांबद्दल एकच वाक्य होतं: “ते मुंबईला गेले ते गेलेच.” आत्या एवढं म्हणायची आणि लगेच कुणाला तरी चहा टाकायला सांगायची. पुढे विचारायची सोय नव्हती. बऱ्याच वर्षांनी जुने उतारे काढताना एका फेरफाराच्या शेवटच्या ओळीत ‘रे.मु.नं. २१४/१९३१’ एवढी अक्षरं दिसली. त्या नंबरानं मला दोन वर्षं हिंडवलं. मग कळलं की ते मुंबईला कधी गेलेच नव्हते. चार कोसांवर, बायकोच्या माहेरी राहून त्यांनी सख्ख्या थोरल्या भावावर, म्हणजे माझ्या पणजोबांवर, वाटपाचा दावा लावला होता. दावा पाच वर्षं चालला. जमीन वाटली गेली आणि आमच्या घरापुरते ते ‘मुंबईला गेले’.

कुलवृत्तांत आणि तीर्थोपाध्यांच्या वह्या यांत घराणं चांगले कपडे घालून उभं असतं. कोर्टात ते भांडताना सापडतं. भांडताना माणूस एरवी जे कधीच लिहून ठेवणार नाही ते लिहून देतो: कोण कधी वेगळं निघालं, कर्ज कशासाठी काढलं, दत्तक खरंच झालं होतं का, दुसरी बायको लग्नाची की पाटाची. शिवाय वंशावळीत ज्या बायकांच्या जागी नुसती रेघ असते, त्या कोर्टात नावानिशी येतात. विधवेनं सासरच्यांवर लावलेला अन्नवस्त्राचा दावा मिळाला तर त्या घरातल्या चार-पाच बायकांची नावं एका पानावर मिळतात. एवढी मजकुरानं भरलेली दुसरी जागा मला तरी माहीत नाही.

वकील नसलेल्या, नुसत्या कुतूहलानं निघालेल्या माणसानं काय करावं ते क्रमानं सांगतो. यातलं बरंचसं जुन्या मुंबई इलाख्याला, म्हणजे पश्चिम महाराष्ट्र, कोकण आणि खानदेशाला लागू आहे. मराठवाडा, विदर्भ, संस्थानं आणि गोवा यांचं वेगळं सांगेन.

घरापासून सुरुवात

कोर्टात जायच्या आधी घरातली ट्रंक उघडा. ट्रंक नसेल तर देव्हाऱ्याखालचा डबा, माळ्यावरची पत्र्याची पेटी. जाड कागदावर स्टॅम्प चिकटवलेला, वर ‘खरी नक्कल’ लिहिलेला काहीही कागद बाजूला काढा. समन्स, वकीलपत्राची पावती, खरेदीखत, गहाणखत, सावकाराची पावती, सगळं. वाचता येत नसलं तरी फोटो काढून ठेवा. शोधायच्या गोष्टी तीनच आहेत: दाव्याचा नंबर, साल आणि कोर्टाचं गाव.

म्हाताऱ्या माणसांना “आपला इतिहास सांगा” असं म्हणू नका. शिवाजी महाराजांपासून सुरुवात होते आणि संध्याकाळ संपते. “कुणाच्या घरी आपलं जाणं-येणं बंद होतं?” असं विचारा. जिथे अबोला होता तिथे बहुतेक वेळा दावा होता. दुसरा कामाचा प्रश्न म्हणजे “तारखेला कोण जायचं?” ‘तारीख’ हा शब्द कोर्टाच्या अर्थानं जुन्या माणसांच्या डोक्यात पक्का बसलेला असतो. “दादा तारखेला वाईला जायचे, येताना फुटाणे आणायचे,” असं उत्तर आलं की तुम्हाला कोर्टाचं गाव मिळालं.

फेरफार म्हणजे चावी

घरात काही नसेल तर जमिनीकडून जा. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीची पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बसली, आणि तेव्हापासून जमिनीच्या हक्कातला प्रत्येक बदल फेरफार रजिस्टरात क्रमानं नोंदला गेला. आजच्या सातबाऱ्यावर फेरफारांचे नंबर असतात. एकेक फेरफार काढत मागे जायचं. बऱ्याच जिल्ह्यांचे जुने फेरफार स्कॅन होऊन ‘आपले अभिलेख’ या सरकारी पोर्टलवर थोडी फी भरून मिळतात. तिथे नसले तर तहसील कचेरीतल्या अभिलेख कक्षात नक्कल अर्ज करायचा.

मध्येच एक खड्डा लागतो. १९४७ च्या एकत्रीकरण कायद्यानंतर पुष्कळ गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजच्या गट नंबरानं तुम्ही साठ-सत्तरच्या दशकापर्यंत मागे जाता आणि वाट संपते. तेव्हा भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचा नऊ-तीन नऊ-चार चा उतारा मागा. कुठला सर्व्हे नंबर कुठल्या गटात गेला ते त्यात असतं. तो हातात आला की पुन्हा मागे चालता येतं.

फेरफाराची भाषा ठरलेली असते. “अमुक सब-जज्ज कोर्टाकडील रे.मु.नं. अमुक चे हुकूमनाम्यावरून सदर जमीन … यांचे कब्जात दिली” अशी ओळ दिसली की थांबा. ‘रे.मु.नं.’ म्हणजे रेग्युलर मुकदमा नंबर, साधा दिवाणी दावा. ‘स्पे.मु.नं.’ असेल तर स्पेशल, म्हणजे मोठ्या रकमेचा दावा वरच्या कोर्टात चाललेला. ‘दरखास्त’ म्हणजे हुकूमनाम्याची, कोर्टाच्या अखेरच्या हुकमाची, बजावणी; मूळ दावा त्याच्याही आधीचा. ‘कि.अ.’ म्हणजे किरकोळ अर्ज. नाव किरकोळ असलं तरी हा सोडू नका, कारण वारसा दाखल्याचे अर्ज यातच असतात. आपल्याकडे वारसा दाखला आजही मुंबईच्या १८२७ सालच्या आठव्या रेग्युलेशनखाली मागितला जातो. म्हणजे एल्फिन्स्टन गव्हर्नर होता त्या काळातला कायदा अजून चालू आहे. त्या अर्जात मयत व्यक्तीच्या मृत्यूची तारीख, सगळे वारस, त्यांची वयं आणि नाती एकाखाली एक लिहिलेली असतात. वंशावळ करणाऱ्याला आणखी काय हवं?

नावापुढची जोडअक्षरंही लिहून घ्या. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता: मूल लहान होतं आणि आई किंवा चुलता त्याच्या वतीनं उभा होता. त्याचा अर्थ बाप तोवर गेला होता, किंवा बापच विरुद्ध बाजूला होता. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. हे बहुधा थोरल्याच्या नावापुढे असतं आणि पुढे भांडण त्यावरूनच होतं.

कोर्ट कुठलं?

आज तुमचं गाव ज्या जिल्ह्यात आहे तिथेच जुनी फाइल असेल असं नाही. सांगली जिल्हा १९४९ मध्ये दक्षिण सातारा म्हणून निघाला. त्याआधीचे तासगाव-वाळव्याचे दावे साताऱ्याच्या हाताखालचे. सिंधुदुर्ग आणि जालना १९८१ चे, लातूर १९८२ चा, पालघर तर २०१४ चा. बेळगाव, विजापूर, धारवाड १९५६ पर्यंत मुंबईकडे होते, त्यामुळे सीमाभागातल्या कुटुंबांची अपिलं मुंबई उच्च न्यायालयात मिळतात. तुमच्या दाव्याच्या वर्षी तालुका कोणत्या जिल्ह्यात होता हे आधी पक्कं करा.

कोर्टांची नावंही बदलली. १८६९ च्या मुंबई दिवाणी न्यायालय कायद्यानं फर्स्ट क्लास आणि सेकंड क्लास सबॉर्डिनेट जज्ज आले. गावाकडे त्यांना ‘सब-जज्ज’ किंवा नुसतं ‘मुन्सफ’ म्हणत. आज त्याच जागी दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर आणि कनिष्ठ स्तर आहेत. वहिवाटीचे आणि रस्ता-पाण्याचे तंटे मामलेदार कोर्टात चालत. ते दिवाणी कोर्टात शोधू नका, तहसीलमध्ये शोधा. कुळाची प्रकरणंही तिथेच. १ एप्रिल १९५७ च्या कृषिदिनानंतर कूळ कायद्याच्या कलम ३२-ग खाली कुळांना किंमत ठरवून जमीन मिळाली, आणि त्या चौकशीतले जबाब जमीनमालक आणि कूळ या दोन्ही घराण्यांचे असतात. तुमचे पूर्वज कूळ असतील आणि त्यांच्या नावावर आधी एकही कागद नसेल, तर पहिला कागद बहुधा हाच.

मुंबई शहरात गिरणगावातल्या घरांसाठी लघुवाद न्यायालयाचे भाडेकरूंचे दावे बघा. चाळीतल्या खोलीवर कोण कधीपासून राहत होतं, गावाहून कोण आलं, खोली कुणाच्या नावावर होती, हे त्यात पुराव्यासह असतं. मृत्युपत्रांचे प्रोबेट मात्र मुंबई उच्च न्यायालयाच्या मृत्युपत्र विभागात.

रेकॉर्ड रूमच्या दारात

इंटरनेटवर जुना दावा शोधण्यात एक संध्याकाळ घालवा, पण एकच. ई-कोर्ट्सच्या साइटवर मुख्यतः संगणक आल्यानंतरची प्रकरणं आहेत. १९३१ चा दावा तिथे नसला म्हणून हिरमुसू नका, तो कागदावरच आहे.

माझी चूक आधी सांगतो. मी पहिल्या खेपेला नक्कल अर्जात दाव्याचं साल १९३१ लिहिलं आणि “आढळून आले नाही” असा शेरा घेऊन परत आलो. दुसऱ्या खेपेलाही तेच. तिसऱ्या खेपेला एका निवृत्त कारकुनानं, बाहेर बाकावर बसलेल्यानं, विचारलं, “निकाल कधीचा?” जुने गठ्ठे बऱ्याच ठिकाणी दावा दाखल झाल्याच्या नव्हे, तर निकालाच्या तारखेनं बांधलेले असतात. माझा दावा १९३१ चा पण निकाल १९३६ चा. त्यामुळे आधी दाव्यांचं रजिस्टर बघायला मिळेल का ते विचारा. त्यात दावा नंबरासमोर निकालाची तारीख असते. ती मिळाली की अर्ज करा. तुमच्याकडे फेरफार असेल तर त्यात हुकूमनाम्याची तारीख अनेकदा लिहिलेली असतेच. माझ्याही फेरफारात होती, मी वाचली नव्हती.

अर्जासोबत त्या पक्षकाराशी तुमचं नातं दाखवणारी साधी वंशावळ, त्याला आधार म्हणून उतारा किंवा दाखला, ओळखपत्र आणि कोर्ट फी स्टॅम्प ठेवा. तुम्ही पक्षकाराचे वारस असाल तर काम सोपं. तिऱ्हाईत असाल तर नक्कल कशासाठी हवी हे प्रतिज्ञापत्रावर सांगावं लागतं. ‘घराण्याचा इतिहास’ असं स्पष्ट लिहायला लाजू नका. काही लोक माहिती अधिकारात अर्ज करायचा सल्ला देतात. त्याचा उपयोग नाही. न्यायालयीन कागदांच्या नकला उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणेच मागायच्या, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे.

नक्कल अर्जात ‘संपूर्ण फाइल’ असं न लिहिता हवं ते नावानं मागा: वादपत्र, कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर), मुद्दे, जबान्या, वंशावळीची निशाणी, तडजोड पुरसीस (पक्षकारांनी कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन), निकालपत्र, हुकूमनामा, रोजनामा (तारखेवार कामकाजाची नोंद). ‘निशाणी’ म्हणजे पुराव्यात दाखल झालेला प्रत्येक कागद, त्याला नंबर असतो. निकालपत्रात “नि. ३४ वरील वंशावळ” असा उल्लेख आला तर पुढचा अर्ज नि. ३४ साठी.

आता वाईट बातमी. सगळे कागद सारखे टिकत नाहीत. जुने न्यायालयीन कागद ठरावीक मुदतीनंतर नष्ट करण्यासाठी १९१७ पासून वेगळा कायदाच आहे. निकालपत्र आणि हुकूमनामा जास्त काळ ठेवतात, बाकीचं पुष्कळसं जातं. मला निकालपत्र मिळालं, हुकूमनामा मिळाला. कैफियत आणि जबान्या गेलेल्या. हुकूमनाम्यावर मात्र पक्षकारांची पूर्ण वर्णनं होती. वादीच्या नावापुढे ‘राहणार’ म्हणून त्याच्या बायकोच्या माहेरचं गाव होतं. मुंबईची गोष्ट तिथेच संपली.

वाचायचं कसं

निकालपत्र बहुधा इंग्रजीत असतं. कैफियती आणि जबान्या मराठीत, आणि जितकं मागे जाल तितक्या मोडीत. मोडी शिकायला तीन-चार महिने लागतात. पुराभिलेख संचालनालयाचे आणि इतर संस्थांचे वर्ग चालतात. घाई असेल तर लिप्यंतर करून देणारी माणसं आहेत, पण निदान आपल्या गावाचं आणि आडनावाचं मोडी रूप ओळखायला शिका. म्हणजे पन्नास पानांतली चारच पानं लिप्यंतराला द्यावी लागतील.

जबानीत सगळ्यात मोलाची ओळ पहिली. “माझे नाव अमुक, बापाचे नाव तमुक, जात …, धंदा शेती, वय सुमारे ५५, राहणार …” एका ओळीत बाप, गाव, धंदा आणि जन्मसालाचा अंदाज. वयावर फार भरवसा ठेवू नका. त्या पिढीत वय पाचाच्या पटीत वाढायचं, आज ४५ असलेला माणूस तीन वर्षांनी ५० चा होतो. जातीच्या नोंदीमुळे अशा कागदांना हल्ली वेगळंच मोल आलं आहे. जात पडताळणीसाठी इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, आणि शाळेचा दाखला नसेल तेव्हा लोक असे कागद शोधत निघतात.

नावांची कडी ओळखून ठेवा. ‘बिन’ आणि ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा. ‘कोम’ किंवा ‘जवजे’ म्हणजे अमक्याची बायको. जुन्या कागदांत आडनाव पुष्कळदा नसतंच, नुसतं ‘राणू बिन तुकाजी’ असतं. त्यामुळे फक्त आडनावाचा शोध घेणारा माणूस आपल्याच आजोबांच्या शेजारून निघून जातो.

तारखांचा घोळ जुन्या कागदांत हमखास. शकात ७८ मिळवले की इसवी सन. फसली सनात ५९०. शुहूर सनात ५९९. फसली आणि शुहूर दोन्ही आपल्याकडे मृगाच्या सुमारास बदलतात, म्हणून जानेवारी ते मे मधल्या कागदाला आणखी एक मिळवा. शुहूर सन आकड्यांत न लिहिता अरबी शब्दांत लिहायची रीत होती: इहिदे एक, इसन्ने दोन, सलास तीन, अर्बा चार, खमस पाच, सीत सहा, सबा सात, समान आठ, तिसा नऊ. एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवा. मी अजून ठेवतो.

सावकारीचे दावे मिळाले तर वेळ काढून वाचा. १८७५ मध्ये सुप्याला सावकारांविरुद्ध दंगे झाले, त्यानंतर १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. तो आधी पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्यानं जज्जाला नुसता रोखा बघून निकाल देता येईना, कर्जाचा सगळा इतिहास सुरुवातीपासून उकरावा लागे. त्यामुळे बैल कधी घेतला, मुलीचं लग्न कधी झालं, दुष्काळात किती धान्य उचललं, असा वीस-वीस वर्षांचा संसार त्या फाइलींत हिशेबासकट आहे. शेतकऱ्याच्या घरात कुणी रोजनिशी लिहीत नव्हतं. सावकार लिहीत होता आणि कोर्टानं ते मागवून घेतलं.

दोन्ही बाजू खोटं बोलत असतात

कोर्टातल्या वंशावळीवर डोळे झाकून विश्वास ठेवणाऱ्यांची मला काळजी वाटते. ती वंशावळ दावा जिंकण्यासाठी काढलेली असते. एकत्र कुटुंब असेल तर वाटा मिळतो, म्हणून वादी म्हणतो “आम्ही आजवर एकत्र.” वेगळे निघून बारा वर्षं झाली असतील तर मुदतीचा मुद्दा काढता येतो, म्हणून प्रतिवादी म्हणतो “तीस वर्षांपूर्वीच विभक्त झालो.” खरं काय? बहुतेक वेळा चूल वेगळी आणि सातबारा एकत्र. ज्या शाखेला वाटा द्यायचा नाही ती शाखा ‘निपुत्रिक’ म्हणून कापून टाकलेली असते. दत्तकाच्या दाव्यांत तर दत्तकविधीला कोण हजर होतं यावरच वर्षानुवर्षं जातात.

लोकमान्य टिळकांना अडकवणारं ताईमहाराज प्रकरण हा याचा प्रसिद्ध नमुना. १९०१ मध्ये औरंगाबादला जगन्नाथ महाराज दत्तक घेतले, पुढे कोल्हापूरला दुसरं दत्तक झालं, आणि पहिलं खरंच झालं होतं की नाही हा वाद मुंबई उच्च न्यायालयात टिळकांविरुद्ध जाऊन शेवटी १९१५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलमध्ये त्यांच्या बाजूनं सुटला. एकाच पुराव्यावरून दोन कोर्टांनी दोन गोष्टी सांगितल्या. तेव्हा तुमच्या पणजोबांच्या फाइलीत एकच सत्य मिळेल ही अपेक्षा सोडून द्या.

मी तीन रंग वापरतो. दोन्ही बाजूंना मान्य असलेली गोष्ट हिरव्यानं, एकाच बाजूची तांबड्यानं, कोर्टानं ठरवलेली निळ्यानं. हिरवंच वंशावळीत जातं. मुद्दाम न सांगितलेलं, ओघात आलेलं बहुधा खरं असतं. “त्या वेळी मी बहिणीकडे बाळंतविड्याला गेलो होतो,” असं साक्षीदार म्हणतो तेव्हा त्याला त्या बहिणीबद्दल खोटं बोलायचं काही कारण नसतं.

फाइल नसेल तर

अपील झालं होतं का बघा. सेकंड अपीलं मुंबई उच्च न्यायालयात येत, ते १८६२ मध्ये सुरू झालं. तिथले महत्त्वाचे निकाल १८७६ पासून इंडियन लॉ रिपोर्ट्सच्या मुंबई मालिकेत छापले गेले आणि त्यातले बरेच इंडियन कानूनच्या साइटवर फुकट वाचता येतात. शोधताना आडनावापेक्षा ‘बिन’, ‘कोम’ आणि गावाचं इंग्रजी काळातलं नाव टाका. पुणे नव्हे पूना, नाशिक नव्हे नासिक, ठाणे नव्हे टाना किंवा ठाना. स्पेलिंगचे चार-पाच प्रकार करून बघा, साहेबाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलेलं आहे. अपील लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं असेल तर तुमचं नशीब थोर. तिथे खालच्या कोर्टातली कागदपत्रं, जबान्यांच्या इंग्रजी भाषांतरासह, छापून द्यावी लागत आणि ती पुस्तकं लंडनच्या ग्रंथालयांत आहेत.

वाटपाचा हुकूमनामा असेल तर आणखी एक जागा आहे. सारा भरणाऱ्या जमिनीचं प्रत्यक्ष वाटप कोर्ट करत नाही, कलेक्टरकडे पाठवतं. त्यामुळे हुकूमनाम्याची प्रत आणि फाळणीचे कागद तहसीलला किंवा भूमी अभिलेखात मिळू शकतात. दुय्यम निबंधकाकडची जुनी खतं वेगळीच.

वतनदार घराण्यांनी पुण्याचं पुराभिलेखागार, म्हणजे पेशवे दप्तर, टाळू नये. पेशवाईतल्या तंट्यांत प्रत्येक पक्ष आपला ‘करीना’ लिहून देई. वतन मूळ कुणाचं, कसं आलं, मध्ये कोण मेलं, कोण परागंदा झालं, अशी ती घराण्याची आत्मकथाच. हरलेल्यानं दिलेलं यजितखत आणि निवाडापत्र सोबत असेल तर उत्तम. कागद ‘रुमाला’त बांधलेले असतात, रुमालाचा नंबर टिपून घ्यायला विसरू नका, नाहीतर पुढच्या वेळी तोच कागद सापडत नाही.

मराठवाड्यात सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचा अंमल, कोर्टाची भाषा उर्दू. तिथे उर्दू वाचणारा माणूस आधी शोधा, मग कागद. २०२३ पासून कुणबी नोंदींसाठी न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामात जुनी दप्तरं मोठ्या प्रमाणावर उघडली आणि स्कॅन झाली. आरक्षणाबद्दल तुमचं मत काहीही असो, त्या गावनिहाय याद्या घराणं शोधणाऱ्याच्या उपयोगाच्या आहेत. विदर्भात नागपूरचं उच्च न्यायालय १९३६ चं, त्याआधी ज्युडिशियल कमिशनरचं कोर्ट, आणि मालगुजारीचे, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या हक्कांचे, तंटे हा तिथला खजिना. कोल्हापूर संस्थानाचे कागद कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात.

गोवेकरांचा मात्र हेवा वाटतो. पोर्तुगीज कायद्यात माणूस वारला की मालमत्तेची यादी करून कोर्टातून वाटप करायची इन्व्हेंटरीची पद्धत होती. वारसांत अज्ञान मूल असेल तर ती सक्तीचीच. म्हणजे भांडण नसतानाही फाइल तयार. बागायत, भाताचं खाजन, दागिने, भांडी, देणी-घेणी आणि वारस म्हणून मुलींची नावंही. कागद पोर्तुगीजमध्ये, पण त्यांचा साचा इतका ठरलेला असतो की दोन वाचले की तिसरा शब्दकोशाशिवाय लागतो. पणजीच्या पुराभिलेखागारात चौकशी करा.

विरुद्ध पक्षाचं घर

आणि एक जागा, जी कुठल्याच साइटवर नाही. तुमच्या घरात जी नक्कल नाही ती ज्यांच्याशी भांडण झालं त्यांच्या घरात असते. दावा जिंकणारा कागद जपतो, हरणारा चुलीत घालतो. आमच्याकडे एकही कागद का नव्हता ते मला तेव्हा कळलं.

हुकूमनाम्यावरच्या त्या गावी मी गेलो. जाताना उतारा, मोजणीचा नकाशा असलं काही नेऊ नका. भाऊबंद नव्वद वर्षांनी दारात आला की लोकांना एकच शंका येते. मी ओसरीवर टेकलो आणि आधी सांगितलं, जमिनीचं काही नाही, कागद बघायला आलोय. घरातले थोरले काका ऐंशीच्या पुढचे. नात्यानं माझे चुलत चुलतेच. त्यांनी चहा दिला, पाऊसपाण्याचं विचारलं आणि म्हणाले, “मग जमिनीचं काय म्हणताय?” मी पुन्हा सांगितलं. जेवायची वेळ झाली तेव्हा तिसऱ्यांदा विचारलं. संध्याकाळी निघताना ते आत गेले आणि सुनेला हाक मारून ट्रंक खाली काढायला लावली.

कैफियत होती. पणजोबांची, शाईनं लिहिलेली, खाली सही. तिच्या आत दुमडलेली एक पुरसीस होती आणि तिच्यावर शाईचा अंगठा: ‘कोम’ पुढे पणजोबांचं नाव, त्याआधी पणजीचं. तिचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं. घरात ती ‘म्हातारी’ होती.

काकांनी मला फोटो काढू दिले. मी त्यांना निकालपत्राची झेरॉक्स दिली, तीही त्यांच्याकडे नव्हती. मग ट्रंकेच्या तळाचा एक कागद त्यांनी उलटा-सुलटा केला आणि चष्मा माझ्याकडे सरकवला. वर लिहिलं होतं, रे.मु.नं. ८७/१९२२. वादी दोघे भाऊ एकत्र, प्रतिवादी गावातलाच कुणी तिसरा. काका म्हणाले, “हे काय आहे बाबा?” मी म्हटलं, निकालाची तारीख शोधतो.